पेशी लागली म्हणजे कोर्ट मार्शल नव्हे: जवानाच्या घरच्यांसाठी पायरीपायरीने

गेल्या गणपतीत इंदूरच्या आमच्या राजेंद्र नगरात आरती आटोपली आणि शेजारच्या वहिनींनी मला मांडवामागे बोलावून घेतलं. हातात प्रसादाची वाटी, पण प्रसादाला हात लावलेला नव्हता. "भाऊजी, आमच्या धाकट्याचं उद्या कोर्ट मार्शल आहे म्हणे. तुरुंगात टाकतील का हो?"

मुलगा जवान, नोकरीला पाच वर्षं झालेली. रजा संपून अठरा दिवस जास्त घरी राहिला आणि मग आपणहून युनिटमध्ये परत गेला. फोनवर आईला एवढंच म्हणाला की उद्या सीओ साहेबांपुढे पेशी आहे. त्या एका शब्दापायी दुपारपासून घरात चूल पेटली नव्हती.

मी फौजेत अठ्ठावीस वर्षं क्लार्की केली आणि सुभेदार होऊन घरी आलो. त्यातली निम्मी वर्षं डिसिप्लिनच्या फायलींत गेली. चार्जशीट टाइप करायची, साक्षीदारांना बोलावणं धाडायचं, कागद वरच्या हेडक्वार्टरला पाठवायचे. महूची लष्करी छावणी इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इंदुरात फौजी घरं भरपूर, आणि असे प्रश्न घेऊन लोक येतच असतात. दर वेळी तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं. वकिलाची पायरी चढण्याआधी घरच्यांना जेवढं माहीत असायला हवं, तेवढंच इथे आहे.

समोर कोण बसलंय, ते आधी विचारा

वहिनींच्या मुलाची पेशी कोर्ट मार्शल नव्हतीच. सीओ साहेब, म्हणजे युनिटचा कमांडिंग ऑफिसर, आपल्या खोलीत बसून छोट्या गुन्ह्यांचा निकाल लावतो, त्यातली ती एक होती. त्यामुळे फोन आला की पहिले दोन प्रश्न हेच विचारा: "कलम कुठलं लावलंय?" आणि "सुनावणी कशाखाली आहे?" उत्तर "ऐंशी" आलं तर श्वास सोडा.

फौजेचा कायदा म्हणजे १९५०चा आर्मी ॲक्ट, आणि तो राबवायचा कसा हे सांगणारे १९५४चे आर्मी रूल्स. हवाई दलाचा कायदाही १९५०चा, नौदलाचा १९५७चा. मी जन्मभर पहिलाच हाताळला, म्हणून पुढचं सगळं लष्कराबद्दल आहे. अग्निवीर चार वर्षांचा असला तरी त्याला हाच कायदा लागू होतो.

आर्मी ॲक्टच्या ८०व्या कलमाखाली सीओ जवानाला स्वतःच शिक्षा देऊ शकतो. जास्तीत जास्त २८ दिवसांची कैद, तीही फौजेच्याच ताब्यात, बहुधा क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे युनिटच्या पहाऱ्याच्या कोठडीत. नाहीतर लाइनबाहेर, म्हणजे बराकींच्या हद्दीबाहेर, जायला बंदी, ज्यादा ड्यूटी, पगारातून दंड किंवा रेप्रिमांड, म्हणजे लेखी ताकीद. बाहेरच्या अर्थाने हा तुरुंग नाही आणि नोकरीही जात नाही. मात्र गैरहजेरीच्या आणि कैदेच्या दिवसांचा पगार कापला जातो, त्या महिन्याचा हप्ता घरच्यांनी आधीच जमेला धरावा.

एक गोष्ट मात्र मागे राहते. कैदेसारखी शिक्षा जवानाच्या कागदावर लाल शाईने चढते. "रेड इंक एंट्री" म्हणतात ती हीच. अशा चार झाल्या की "आता घरी पाठवणार" असं बराकीत सर्रास बोललं जातं, आणि डिस्चार्जचा प्रस्ताव निघूही शकतो. पण चार भरल्या की आपोआप हकालपट्टी, असं नाही. सुप्रीम कोर्टाने २०१५मध्ये वीरेंद्र कुमार दुबे यांच्या प्रकरणात सांगितलं की आधी चौकशी हवी, गुन्हे किती गंभीर होते, नोकरी किती झाली, कुठल्या कठीण ठिकाणी झाली, हे सगळं तोलायला हवं. कुणी "चार झाल्या, सही कर" म्हणालं तर हा निकाल लक्षात ठेवा.

पेशीची ती पाच मिनिटं

ही पेशी एकदा डोळ्यांसमोर आणा, कारण मोठ्या कोर्ट मार्शलची सुरुवातही इथूनच होते.

सीओच्या खोलीबाहेर व्हरांडा. जवान पॉलिश केलेल्या बुटांत, दोन्ही बाजूंना एस्कॉर्ट. सुभेदार मेजरचा आवाज येतो, "बेल्ट-टोपी उतार!" रोज अंगावर असणाऱ्या त्या दोन वस्तू उतरल्या की माणूस एकदम लहान दिसायला लागतो. "तेज चल", धाडधाड आत, "थम". सीओ साहेब आरोप वाचतात. साक्षीदार, बहुधा कंपनीचा हवालदार, पाठ केल्यासारखं सांगतो. मग साहेब विचारतात, "गवाह से कुछ पूछना है?"

जवान म्हणतो, "नहीं साहब."

शंभरात किती जण "हो" म्हणतात ते मी मोजलं नाही, पण माझ्या डोळ्यांसमोर "हो" म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आले. खरं तर २२ क्रमांकाचा नियम त्याला पूर्ण मोकळीक देतो: साक्षीदाराला उलट प्रश्न विचार, आपला साक्षीदार बोलाव. आरोप टिकत नाही असं दिसलं तर सीओने तो तिथल्या तिथे फेटाळायचा असतो. टिकला तर पुढे वाटा फुटतात: ८०व्या कलमाखाली शिक्षा द्या, प्रकरण वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवा, साक्षी लेखी नोंदवून घ्या, किंवा लगेच समरी कोर्ट मार्शल भरवा.

वहिनींना मी सांगितलं, मुलाने आईच्या आजारपणाची कागदपत्रं उद्या खिशात ठेवायची आणि "कुछ कहना है?" विचारलं की ती टेबलावर ठेवायची. बाकी भाषण नको. रजेहून उशिरा येणं ३९व्या कलमात बसतं, पण कलमात "पुरेशा कारणाशिवाय" अशी अट आहे. त्या अटीसाठीच दवाखान्याचा कागद.

अठराच्या जागी तीस दिवस उलटून गेले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. ३० दिवसांनंतर युनिट कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवतं, जवानाला भगोडा ठरवतं आणि त्याच्या जिल्ह्याच्या पोलिसांना अटकेचा कागद जातो. मग एके दिवशी हवालदार दारात उभा राहतो आणि सगळी गल्ली बघते. मुलगा परत जायला तयार नसेल तर घरच्यांनी करण्यासारखं एकच काम आहे: तीस दिवसांच्या आत त्याला गाडीत बसवा. आपणहून परतलेल्यात आणि पोलिसांनी धरून आणलेल्यात फौज फार फरक करते.

पकडून ठेवलंय, घरी काय करायचं

आमच्याकडे जामीन नावाचा प्रकार नाही. अटक दोन तऱ्हेची: क्लोज, म्हणजे पहाऱ्यात, आणि ओपन, म्हणजे ठरलेल्या हद्दीत मोकळा. पहाऱ्यात ठेवलेल्याच्या आरोपाची चौकशी ४८ तासांत सुरू व्हायला हवी. ते जमलं नाही तर कारण वर कळवावं लागतं. त्यानंतर कोर्ट बसत नाही तोवर दर आठ दिवसांनी उशिराचं कारण लिहून पाठवायचं असतं. हे रिपोर्ट मी स्वतः टाइप केलेत, आणि खरं सांगतो, "साक्षीदार रजेवर" हे कारण आम्ही फार वेळा वापरलं. घरच्यांनी विनम्र पत्र लिहून "अमुक तारखेपासून अटकेत आहे, कृपया स्थिती कळवावी" असं विचारलं की फाइल हलते. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. शिक्षा झालीच तर अटकेतले हे दिवस कैदेतून वजा होतात, म्हणून तारीख महत्त्वाची.

इन्क्वायरी आणि समरी: खटला इथेच उभा राहतो

आता गंभीर प्रकरण घ्या. एमटीच्या, म्हणजे युनिटच्या गाड्यांच्या विभागाच्या, स्टोअरमध्ये डिझेल कमी भरलं आणि स्टोअर सांभाळणाऱ्या नायकावर बोट आलं. ५२वं कलम, सरकारी मालाची अफरातफर. इथे आधी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. नावात कोर्ट असलं तरी ही नुसती चौकशी, ती शिक्षा देत नाही. पण ज्याच्या इभ्रतीवर किंवा नोकरीच्या नावावर शिंतोडे उडू शकतात, त्याला १८० क्रमांकाच्या नियमाप्रमाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर राहू द्यावं लागतं, साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यावे लागतात, स्वतःचे साक्षीदार आणू द्यावे लागतात. "तुझं काम झालं, बाहेर बस" असं कुणी म्हणालं तर जवानाने तिथेच म्हणावं, "साहब, मुझे बैठना है." आणि ते लिहून घ्यायला लावावं. या इन्क्वायरीतलं बोलणं पुढे कोर्टात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. ही गोष्ट जवानांना ठाऊक नसते, म्हणून घाबरून काहीही बोलून बसतात किंवा दातखीळ बसल्यासारखे गप्प राहतात.

त्यानंतर येते समरी ऑफ एव्हिडन्स, बराकीच्या भाषेत नुसती "समरी". एक अधिकारी बसतो, साक्षीदार एकेक करून बोलतात, शब्द न् शब्द कागदावर उतरतो, साक्षीदार सही करतो आणि प्रत्येकानंतर आरोपीला उलटतपासणीची संधी मिळते. शेवटी त्याला बजावून सांगतात की बोललंच पाहिजे अशी सक्ती नाही, पण जे बोलशील ते लिहिलं जाईल आणि पुढे पुराव्यात येऊ शकेल.

इथे माझी एक कबुली. कुठल्या युनिटात ते सांगत नाही. तरुण क्लार्क असताना मी प्रत्येक साक्षीच्या खाली "आरोपीने उलटतपासणी करण्यास नकार दिला" हे इंग्रजी वाक्य आधीच टाइप करून ठेवायचो. वेळ वाचायचा. नाहीतरी सगळे "नहीं साहब"च म्हणायचे. एकदा एका ड्रायव्हरने प्रश्न विचारला. साधासाच: "आपने मुझे देखा, या किसी ने बताया?" साक्षीदार अडखळला आणि म्हणाला, बताया. मला तो कागद फाडून नवा टाइप करावा लागला, आणि साहेबांच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या. पण त्या एका प्रश्नाने ड्रायव्हरवरचा आरोप पुढे उभाच राहिला नाही. त्या दिवसापासून ते वाक्य मी आधी टाइप केलं नाही.

म्हणून सांगतो, खटला कोर्ट भरल्यावर सुरू होत नाही, तो समरीत उभा राहतो. कोर्टात बसणारे अधिकारी, त्यांचा कायदा सल्लागार आणि नंतर अपील ऐकणारे न्यायाधीश, सगळे याच पानांकडे बघतात. जवानाने आदल्या रात्री वहीत तीनच प्रश्न लिहावेत: तुम्ही स्वतः पाहिलंत का, किती वाजता, तिथे आणखी कोण होतं. आपल्या सहीच्या वर काही वेगळं लिहिलेलं दिसलं तर सही करण्याआधी हिंदीत वाचून दाखवायला सांगावं.

कोर्टं चार, पण घाबरवणारं एकच

चार प्रकार आहेत. जनरल कोर्ट मार्शल सगळ्यांत मोठं: किमान पाच अधिकारी, प्रत्येकाचं कमिशन निदान तीन वर्षांचं. ते कुणाचाही खटला चालवू शकतं आणि मृत्युदंडापर्यंत कुठलीही शिक्षा देऊ शकतं. वर्तमानपत्रांत मेजर-कर्नलांच्या बातम्या येतात त्या बहुतेक याच कोर्टाच्या. डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये किमान तीन अधिकारी. ते अधिकारी किंवा जेसीओचा (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) खटला चालवू शकत नाही, आणि कैद दोन वर्षांच्या पुढे देऊ शकत नाही. समरी जनरल कोर्ट मार्शल मुख्यतः लढाईच्या, ॲक्टिव्ह सर्व्हिसच्या वेळचं. ते इथे सोडून देतो.

चौथं समरी कोर्ट मार्शल, आणि आपल्या मुलांच्या वाट्याला बहुधा हेच येतं. ते फक्त लष्करात आहे, हवाई दलात किंवा नौदलात नाही. इथे सीओ साहेब एकटेच कोर्ट. शेजारी दोन अधिकारी किंवा जेसीओ बसतात, पण ते नुसते हजर असतात. त्यांना मत नसतं, शपथही नसते. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा त्याच्या वरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद, खालचा असेल तर तीन महिने. शिवाय डिसमिसल, म्हणजे बडतर्फी. आणि या निकालाला वरून मंजुरीची गरज नाही, लगेच अंमल. सकाळी दहाला जवान असलेला माणूस दुपारच्या लंगरला, म्हणजे जेवणाला, सिव्हिलियन झालेला मी पाहिलाय.

एकाच माणसाच्या हातात इतकी ताकद का? फौज दूरवर, सीमेवर, शिस्त ताबडतोब राखायची असते, म्हणून. पण नेमक्या त्याच कारणासाठी ती वापरली जावी. लगेच कारवाईची निकड असेल तेव्हाच समरी कोर्ट मार्शल, एरवी तो अपवाद, असं सुप्रीम कोर्टाने २०१६मध्ये स्पष्ट केलंय. शांततेच्या ठिकाणी, सहा महिने जुन्या प्रकरणात समरी कोर्ट भरवलं असेल तर तो अपिलातला पहिला मुद्दा होतो.

दुसरा निकाल १९८७चा, रणजित ठाकूर यांचा. ते सिग्नलमन, म्हणजे सिग्नल विभागातले जवान होते. साहेबांना वगळून थेट वर अर्ज पाठवला म्हणून २८ दिवसांची शिक्षा भोगत असताना "जेवण कर" हा हुकूम मानला नाही, एवढ्यावरून समरी कोर्ट मार्शलने एक वर्ष सक्तमजुरी आणि डिसमिसल दिलं. सुप्रीम कोर्टाने सगळं रद्द केलं. कोर्टात बसणाऱ्यांवर तुझा आक्षेप आहे का, असा प्रश्न १३०व्या कलमाप्रमाणे विचारायचा असतो, तो विचारलाच नव्हता. आणि गुन्ह्याच्या मानाने शिक्षा अघोरी होती. पत्राने सुरू झालं आणि ताटावर संपलं. फौजेच्या कायद्यावर इतका साधा आणि इतका उपयोगी निकाल दुसरा मला माहीत नाही.

गुन्हा कबूल करायचा का? सगळ्यांत नाजूक प्रश्न हाच. "मान ले, हलका करा देंगे" असं दोस्त म्हणतात, कधी वरचेही म्हणतात. कबुली घेण्याआधी कोर्टाने आरोपाचा अर्थ आणि कबुलीचा परिणाम समजावून सांगायला हवा, आणि समरीतली हकीकत कबुलीशी जुळत नसेल तर "नाही" असंच नोंदवायला हवं. मी एवढंच म्हणेन: डिसमिसलची शक्यता असेल तर घरी विचारल्याशिवाय "दोषी" म्हणू नका.

कोर्ट भरण्याआधीचे चार दिवस

आरोप सांगितल्यापासून कोर्टापुढे उभं करेपर्यंत किमान ९६ तास मिळायला हवेत, ॲक्टिव्ह सर्व्हिसवर २४. या वेळात चार्जशीट आणि समरीची नक्कल हातात घ्यायची आणि वकिलाला, मित्राला, साक्षीदारांना मोकळेपणाने भेटायचं.

जनरल आणि डिस्ट्रिक्ट कोर्टात डिफेन्डिंग ऑफिसर मागता येतो, आणि आधी कळवून बाहेरचा वकीलही करता येतो. समरी कोर्टात फक्त "फ्रेंड ऑफ द अक्यूज्ड". तो वकील असला तरी चालतो, पण त्याने स्वतः साक्षीदाराला प्रश्न विचारायचे नाहीत. आरोपीच्या कानात सांगायचं आणि आरोपीने विचारायचं. आमच्याकडच्या पुष्कळ वकिलांना ही अटच ठाऊक नसते. इंदूरच्या जिल्हा कोर्टात नावाजलेला वकील घेतला म्हणून भागत नाही, आर्मी ॲक्ट उघडलेला बघा.

कोर्टाच्या दिवशी आधी सदस्यांची नावं वाचली जातात आणि आक्षेप विचारला जातो. ज्याने आधी शिक्षा केली किंवा चौकशी केली, तो बसलेला दिसला तर इथेच हात वर करायचा. मग शपथा, आरोप, साक्षी, उलटतपासणी. जनरल कोर्टात जॅग ब्रँचचा, म्हणजे फौजेच्या कायदा शाखेचा, जज ॲडव्होकेट बसलाच पाहिजे. तो कायदा सांगतो, पण मत देत नाही. निकाल बहुमताने, समसमान मतं पडली तर फायदा आरोपीला. मृत्युदंडासाठी दोन तृतीयांश मतं लागतात. सगळ्यांत धाकट्या अधिकाऱ्याचं मत आधी घेतात, म्हणजे कॅप्टनने कर्नलकडे बघून मत बनवू नये. हा रिवाज मला नेहमी आवडला. आपल्या घरांतही चालवायला हरकत नाही!

दोषी ठरला तर शिक्षेआधी त्याची सर्व्हिस बघतात. मेडल, कठीण पोस्टिंग, घरचं आजारपण, एकुलता कमावता, हे कागद तेव्हाच समोर ठेवायचे. निकालानंतर आणलेल्या कागदाला कोण विचारतं?

निकाल लागला, आता कुठे जायचं

जनरल आणि डिस्ट्रिक्ट कोर्टाचा निकाल वरच्या अधिकाऱ्याने कन्फर्म केल्याशिवाय लागू होत नाही. त्याआधी त्याच अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. कन्फर्म झाल्यावर १६४व्या कलमाखाली लष्करप्रमुखांकडे किंवा केंद्र सरकारकडे. समरी कोर्टाचे कागद ब्रिगेड किंवा डिव्हिजनकडे जातात आणि तिथे शिक्षा कमी होऊ शकते, रद्दही होऊ शकते. कोर्टाच्या कामकाजाची नक्कल मागायचा हक्क आहे. ती मागायचीच, कारण तिच्याशिवाय पुढचा वकील आंधळा.

पूर्वी इथून पुढे थेट हायकोर्टच होतं. सुप्रीम कोर्टाने १९८२मध्ये अपिलाची सोय नाही यावर खंत व्यक्त केली होती. २००७ साली कायदा झाला आणि २००९पासून आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल सुरू झालं. मध्य प्रदेशच्या लोकांसाठी त्याचं खंडपीठ जबलपूरला आहे. समरी कोर्टाच्या निकालावर तिथे जायचं तर शिक्षा डिसमिसलची किंवा तीन महिन्यांहून जास्त कैदेची हवी. अठ्ठावीस दिवसांच्या शिक्षेसाठी ट्रिब्युनलचं दार उघडत नाही. त्यापुढे सुप्रीम कोर्ट. हायकोर्टाचं दार मध्यंतरी जवळजवळ बंद झालं होतं, पण सुप्रीम कोर्टाने २०२३मध्ये ते पुन्हा उघडं असल्याचं सांगितलं.

पेन्शनबद्दल एक वाक्य नीट वाचा. "डिस्चार्ज" आणि "डिसमिस" हे दोन वेगळे शब्द आहेत. डिसमिस झालेल्याला मागच्या नोकरीचं पेन्शन सहसा मिळत नाही, मग चौदा वर्षं झालेली असोत की वीस. हुकमावर नेमका कुठला शब्द आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पोलीस की फौज?

बाहेर भांडण झालं, अपघात झाला, तर खटला कुणाकडे? दोन्हीकडे चालू शकत असेल तर १२५व्या कलमाप्रमाणे आधी फौजेचा अधिकारी ठरवतो आणि वाद झाला तर केंद्र सरकार. पण सामान्य नागरिकाचा खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार, हे शांततेच्या काळात देशात घडलं असेल तर सिव्हिल कोर्टातच जातं. नौदलाचे कमांडर नानावटी यांच्यावर १९५९मध्ये मुंबईच्या सेशन्स कोर्टात ज्युरीपुढे खटला चालला, तो वर्दीतला माणूस असूनही. एकाच गुन्ह्यासाठी सिव्हिल कोर्टाने एकदा निकाल दिला असेल, किंवा सीओने ८०व्या कलमाखाली शिक्षा दिली असेल, तर त्याच गुन्ह्यावर पुन्हा कोर्ट मार्शल होत नाही. आणि साधारण तीन वर्षांची मुदत आहे. पळून जाणं, खोट्या कागदांवर भरती आणि बंड यांना मात्र ती लागू नाही.

हे सगळे निर्बंध घटनेतूनच आलेत. ३३व्या कलमाने संसदेला फौजींच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार दिला आहे. महूच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी १८९१मध्ये जन्मलेल्या मुलाच्या अध्यक्षतेखाली त्या घटनेचा मसुदा तयार झाला, हे आठवलं की बरं वाटतं: फौजेची शिस्त काय असते हे त्यांच्या घरातच होतं.

वहिनींच्या मुलाला चौदा दिवस मिळाले. आणि एक लाल नोंद. दवाखान्याचा कागद त्याने दिला, त्याचा थोडा उपयोग झाला असं म्हणतो. वहिनींनी आता एक पत्र्याचा डबा ठेवलाय. त्यात रजेचा कागद, दवाखान्याचे रिपोर्ट, पोस्टाच्या पावत्या आणि त्याच्या युनिटचा पत्ता. डब्यावर पोराचं नाव खडूने लिहिलंय. जबलपूरला जायची वेळ आलीच तर इंदूरहून रात्रीची ओव्हरनाइट एक्स्प्रेस आहे, सकाळी पोचवते. जाताना तो डबा बरोबर न्या, मूळ कागद नि नकलांच्या दोन जोड्या. वकील बोलेल नंतर, आधी कागद मागेल.